वाळूवरची गस्त : वेळास ते गुहागर, चार दिवस

कोकणच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालतात. पिल्लं जानेवारीअखेरीपासून मेपर्यंत बाहेर पडत राहतात. मार्चमध्ये ही दोन्ही कामं एकाच वेळी चालू असतात : रात्री नवी अंडी शोधून हलवायची आणि पहाटे जुन्या घरट्यांतली पिल्लं समुद्राकडे सोडायची. ही कामं करणारी गावातली तरुण मुलं-मुली प्रत्यक्ष काय करतात, हे ज्यांना पाहायचं आहे त्यांनी फेरी मार्चमध्येच आखावी. कासवाचं पिल्लू दिसेलच याची हमी कोणी देत नाही, आणि देऊही नये.

तारीख ठरवताना आधी शिमगा कधी आहे ते पाहायचं. त्या दिवसांत गाव पालखीत गुंतलेलं असतं, घरं चाकरमान्यांनी भरलेली असतात आणि किनाऱ्यालगत उजेड आणि ढोल असतात. मग तिथी पाहायची. कोकणात भरतीचा हिशेब साधा आहे : पक्षाच्या तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. रोज ही वेळ सुमारे पाऊण-एक तासाने पुढे सरकते. गस्त, खाडीतली होडी, सगळं या हिशेबावर चालतं, त्यामुळे तो पाहुण्यांनाही तोंडपाठ असलेला बरा.

पहिला दिवस : वेळास

माणगाव, म्हसळा करत बागमांडल्याला यायचं आणि जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत, गाडी घालून सावित्रीची खाडी ओलांडायची. दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे वेश्वी, तिथून बाणकोटवरून वेळास. एसटीने येणाऱ्यांना मंडणगड सोयीचं. कोणत्याही वाटेने आलं तरी दुपारी चारच्या आत पोचायला हवं. अंधारात येऊन थेट किनाऱ्यावर धावणारा गट सगळ्यांनाच नकोसा होतो.

मुक्काम गावातल्या घरांत. ओटीवर किंवा माजघरात अंथरुणं, जेवायला घरचंच : भात, कुळथाचं पिठलं, सोलकढी, कधी मोदक. या व्यवस्थेत एक आर्थिक गणित आहे आणि ते सुरुवातीलाच समजून घ्यावं. गस्त घालणाऱ्या मुलांचं मानधन हंगामापुरतं असतं. पाहुण्यांमुळे घरं कमावतात, म्हणून अख्खं गाव किनाऱ्यावरचा दिवा बंद ठेवायला आणि कुत्री बांधायला तयार होतं. वाडीतल्या दहा घरांना कासवांमुळे दोन पैसे मिळत असतील, तर अकरावं घरही अंडी विकणाऱ्याला हटकतं.

२००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या भाऊ काटदरे यांच्या संस्थेने इथे काम सुरू केलं, तेव्हा घरटी सापडायची ती उकरून नेलेली. अंडी खाल्ली जात, विकली जात. कासवाचा माग वाचण्याची विद्या अंडी काढणाऱ्यांकडेच होती, म्हणून संस्थेने त्याच माणसांना हाताशी धरलं. त्यानंतर काही वर्षांतच कासव महोत्सव सुरू झाला. आज गस्त घालणारे कासवमित्र बहुतेक त्या पहिल्या पिढीच्या हाताखाली शिकलेले आहेत. पुढे वन विभाग आणि खारफुटीची जंगलं सांभाळणारा त्याचा कांदळवन कक्षही या कामात आला, आणि हीच पद्धत रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या किनाऱ्यांवर पसरली.

संध्याकाळी साडेपाचला पुळणीवर जमायचं. पंचवीसपेक्षा मोठा गट असेल तर मुलं तो फोडतात. बोलणारा एकच, पुढे चालणारा एक, शेवटी चालणारा एक. बोलणं पाच मिनिटांचं, आणि त्यात फक्त काय करायचं तेवढंच : फोन खिशात, फ्लॅश नाही, पिल्लाला हात नाही, दोरीच्या पुढे पाऊल नाही, आणि पिल्लू पायाजवळ आलं तर पाय उचलायचा नाही, जागीच थांबायचं. कासवांची माहिती नंतर सांगतात. आधी सांगितली तर लोक माहिती ऐकतात आणि सूचना विसरतात, हे मुलांनी अनुभवाने ओळखलं आहे.

रात्रीची गस्त दहानंतर. तिच्यात फक्त दोघं-तिघं पाहुणे घेतात, तेही वन विभागाची परवानगी असेल तर. ऑलिव्ह रिडले हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. परवानगीशिवाय त्याची अंडी हाताळणं गुन्हा आहे, ते कितीही चांगल्या हेतूने केलं तरी. कपडे गडद, पायांत साध्या चपला, बॅटरीला लाल जिलेटीन कागदाच्या दोन घड्या, आणि तीसुद्धा गरजेपुरतीच पेटवायची. डास पळवणारं मलम लावलेल्या हाताने अंड्याला शिवायचं नाही.

चालायचं भरतीरेषेच्या थोडं वरून. कासव कुठूनही चढलं तरी ती रेषा त्याला ओलांडावीच लागते, त्यामुळे एका ओळीत चाललं की सगळा किनारा तपासला जातो. रेषेच्या खालचा माग पुढच्या भरतीत पुसून जातो. माग सुमारे दोन-अडीच फूट रुंद, उथळ, आणि डावी-उजवी वल्ही, म्हणजे वल्ह्यांसारखे पाय, आळीपाळीने टाकल्यामुळे खुणा एकमेकींसमोर न येता पुढेमागे पडलेल्या. हिरव्या कासवाचा माग जास्त रुंद आणि खोल असतो, त्यात दोन्ही बाजूंच्या खुणा समोरासमोर येतात. एकच माग दिसला तर कासव अजून वर आहे. तिथल्या तिथे खाली बसायचं, बॅटरी बंद. दोन माग दिसले तर ते परतलं आहे.

वर असलेल्या कासवाजवळ घाईने गेलं तर ते अंडी न घालताच फिरतं. असा चढून रिकामा उतरलेला, कमानीसारखा माग उजेडाच्या किंवा कुत्र्यांच्या किनाऱ्यावर जास्त दिसतो. मागच्या वल्ह्यांनी खड्डा खणून अंडी पडू लागली की मात्र ते सहसा उठत नाही. तेव्हा मागच्या बाजूने, जमिनीलगत, एकाने पुढे सरकायचं. चढण्यापासून उतरेपर्यंत सगळा मिळून पाऊण ते एक तासाचा मामला. शेवटी कासव खड्डा बुजवून अंगाने डावी-उजवीकडे धप धप आपटत वाळू दाबतं. हा आवाज शांत रात्री बराच लांबून ऐकू येतो, आणि जुने कासवमित्र त्यावरूनच जागा ओळखतात.

आता अंडी. कासव गेल्यावर खड्ड्याचं तोंड शोधणं हे सगळ्यात नाजूक काम. सरपटल्याने आणि आपटल्याने चार-पाच फुटांचा गोल विस्कटलेला असतो, खड्डा त्यात कुठेतरी असतो. काही जण बारीक काठी टोचून पाहतात : घट्ट वाळूत काठी अडते, भरलेल्या खड्ड्यावर सरकन आत जाते. त्यात वरची अंडी फुटण्याचा धोका असतो आणि फुटलेल्या अंड्याच्या वासावर कोल्हा येतो. शिकाऊ मुलांच्या हाती म्हणूनच काठी देत नाहीत. त्यांना तळहाताने वाळू दाबत ढिली जागा शोधायला लावतात. वेळ जास्त लागतो, पण फुटत काही नाही.

ढिली जागा मिळाली की बोटांनी उकरायचं. पहिलं अंडं लागताच खड्डा कसा आहे ते मोजून लिहायचं : वरपासून तळापर्यंतची खोली साधारण दीड फूट, तोंड अरुंद, तळ पसरट, मडक्यासारखा. बादलीच्या तळाशी त्याच खड्ड्यातली ओलसर वाळू, तिच्यावर एकेक अंडं. अंडी टेबलटेनिसच्या चेंडूएवढी, मऊ सालीची, शंभर ते सव्वाशेच्या घरात. अंडं ज्या बाजूने वर होतं त्याच बाजूने वर राहिलं पाहिजे, फिरवायचं नाही, हलवायचं नाही. घातल्यानंतर काही तासांतच आतला जीव सालीच्या वरच्या भागाला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटं झालं की तो मरतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही. दीड महिन्याने खड्डा उकरल्यावरच कळतं. म्हणून सहा तासांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं बरं. माग सकाळी उशिरा सापडला तर अंड्यांच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने टिंब करून ते टिंब वर ठेवतच हलवतात. जागा भरतीच्या वर आणि सुरक्षित असेल तर तिथेच जाळी लावून ठेवलेलं जास्त चांगलं. अंडी हलवणं हा नाइलाज आहे, ही समज ज्या गटात आहे तो गट चांगला.

दुसरा दिवस : हॅचरी, आणि वाट पाहणं

पहाटे सहाला हॅचरी, म्हणजे हलवलेली अंडी पुन्हा पुरून उबवायची जागा. पुळणीच्या वरच्या अंगाला, उधाणाचं पाणी पोचणार नाही अशा उघड्या जागी कुंपण घातलेला चौकोन. आत ओळीने घरटी, प्रत्येकावर पाटी : तारीख, वेळ, कुठे सापडलं, किती अंडी.

तीस घरट्यांसाठी किती जागा लागते, याचा हिशेब मुलं असा करतात : पाच रांगा, रांगेत सहा, दोन घरट्यांत दोन्हीकडून एक मीटर, चारही बाजूंना चालायला एक मीटर. म्हणजे सहा मीटर बाय सात मीटर. जागा वाचवायला घरटी जवळ केली की पिल्लं वाढताना होणारी उष्णता एकमेकांत जाते, आणि एका घरट्यातली बुरशी किंवा अळ्या दुसऱ्यात. कुंपणाची जाळी जमिनीखाली दीड फूट गाडायची, नाहीतर कोल्हे आणि कुत्री खालून उकरतात. कुर्ल्यांसाठी तळाकडे बारीक छिद्रांची वेगळी जाळी. आणि दरवर्षी जागा बदलायची, ते शक्य नसेल तर दोन-अडीच फूट वाळू काढून भरतीच्या बाजूची स्वच्छ वाळू भरायची. त्याच वाळूत तिसऱ्या वर्षी अंडी ठेवणाऱ्यांना निकाल का घसरला ते कळत नाही. कारण त्या वाळूत असतं : मागच्या हंगामातली कुजलेली सालं.

मर्यादवेलीकडे नवख्यांचं लक्ष जात नाही. जांभळ्या फुलांची ही वेल वाळू धरून ठेवते, किनाऱ्याला ती हवीच. हॅचरीत मात्र तिची मुळं ओलाव्याच्या मागे घरट्यात शिरतात आणि अंड्यांभोवती जाळं विणतात. म्हणून हंगामाआधी चौकोनातली वेल मुळासकट काढतात आणि बाहेरची तशीच ठेवतात.

तापमानाची नोंद हे अलीकडे मुलांनी मनावर घेतलेलं काम. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे उबवणीच्या मधल्या काळातल्या वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण २९ ते ३१ अंशांच्या दरम्यान दोन्ही होतात, त्याच्या वर मादी जास्त, खाली नर जास्त. पस्तिशीच्या आसपास दिवसचे दिवस राहिलं तर पिल्लंच मरतात. मार्चअखेर वाळू तापते, तेव्हा हॅचरीच्या काही भागावर हिरवी जाळी ताणतात. सगळ्यावर नाही, नाहीतर हंगामभराचा कल एकाच बाजूला जातो. तापमापकाचं टोक घरट्याच्या खोलीला हवं. वरची वाळू चटका देत असली तरी दीड फुटावर वेगळंच चित्र असतं. नोंदवही सांभाळणारी मुलगी दिवसातून दोनदा आकडा लिहिते, ठरलेल्या वेळी, पाहुणे असोत वा नसोत.

पंचेचाळिसाव्या दिवसापासून घरट्यावर बांबूची टोपली उपडी घालतात. पिल्लं ४५ ते ६० दिवसांत निघतात. थंडीतली घरटी जास्त दिवस घेतात. आत अंडी फुटली तरी पिल्लांना वर यायला दोन-तीन दिवस लागतात, सगळी मिळून वाळू खाली पाडत वर सरकतात. म्हणून आदल्या दिवशी पृष्ठभागावर बशीएवढा खळगा दिसतो. तो ओळखता आला की रात्रीच्या फेऱ्या वाढवता येतात. टोपलीखाली रात्री निघालेली पिल्लं सकाळपर्यंत धडपडत राहिली, तर समुद्रात पहिले काही दिवस पोहायला लागणारी पोटातल्या बलकाची शिदोरी तिथेच खर्च होते.

इथे एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. काही ठिकाणी रात्री निघालेली पिल्लं पाहुण्यांच्या वेळेसाठी दुसऱ्या संध्याकाळपर्यंत राखून ठेवतात. हे चूक आहे. पाण्याच्या टबात ठेवणं तर त्याहून वाईट, कारण ती तिथे पोहून दमतात. पहाटे निघालेली पहाटेच्या गार वाळूवर सोडायची. मध्यरात्री निघालेली तेव्हाच, कोणी पाहायला नसताना. पाहुण्यांना राहिलेली पाहायला मिळतील. जी मुलं हे पर्यटकांसमोर ठामपणे सांगतात त्यांचं काम टिकतं.

सोडण्याची तयारी पाहण्यासारखी असते. पाण्यापासून दहा-पंधरा मीटर वर जागा धरतात. दोन्ही बाजूंना दोऱ्या, लोक दोरीबाहेर आणि पिल्लांच्या मागे. समुद्र आणि पिल्लू यांच्यामध्ये कोणी नाही, फोटो काढणाराही नाही. मग एक जण लाकडी फळी घेऊन मधली वाळू सारखी करतो. पिल्लाची पाठ चार सेंटिमीटरची, आणि माणसाच्या टाचेचा ठसा ओल्या वाळूत तेवढाच खोल. त्यात पडलेलं पिल्लू कडेला वल्ही मारत राहतं, वाळू ढासळते, ते पुन्हा तळाला. वरून घार पाहत असतेच. पन्नास माणसं फिरलेल्या पुळणीवर असे शेकडो खड्डे असतात, आणि पाच मिनिटांच्या फळीने ते बुजतात.

पिल्लू टोपलीतून काढून थेट पाण्यात टाकायचं नाही. वाळूवरून स्वतः चालत जाण्यातूनच मादी पुढे मोठी झाल्यावर याच किनाऱ्याकडे परतते, असं मानलं जातं. मोठं व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि हजारात एखादंच तिथवर पोचतं. काळं, वाळूने माखलेलं, वल्ही मारत निघतं, मध्येच थांबतं, मान उचलतं, परत निघतं. पहिली लाट अंगावर आली की बहुधा ते मागे फेकलं जातं. पाहणाऱ्यांपैकी कोणीतरी हमखास पुढे वाकतं. त्याला थांबवायला शेवटचा मुलगा नेमका तिथे उभा असतो.

सोडायची जागा रोज शंभर-दोनशे पावलं बदलतात. एकाच ठिकाणी, एकाच वेळी रोज खाद्य येतं हे घारींना, कावळ्यांना आणि उथळ पाण्यातल्या माशांना चार दिवसांत समजतं.

आणि एकही पिल्लू नसेल तर? तेव्हाच कोण किती तयार आहे ते दिसतं. चांगली मुलं त्या सकाळी पाहुण्यांना भरतीरेषेवर नेतात : कुर्ल्यांनी बिळाभोवती टाकलेल्या गोळ्यांची नक्षी, पाण्याच्या काठाने पळणारे चिखल्या आणि तुतवार, परतीच्या तयारीतले कुरव, रात्री कोल्हा कुठून कुठे गेला त्याच्या खुणा. तासभर डोळे खाली ठेवून चाललेला माणूस नाराज होऊन परतत नाही.

दुपारनंतर केळशीमार्गे आंजर्ले. केळशीची वाळूची टेकडी पाहायला थांबायचं, पण तिच्या कडेवर चढायचं नाही, ती ढासळते.

तिसरा दिवस : आंजर्ल्याची खाडी आणि हर्णैचं बंदर

जोग नदीच्या खाडीतली होडी भरती अर्धी चढली की काढतात आणि पूर्ण भरतीनंतर तासाभरात परत आणतात. ओहोटीला उशीर झाला की होडी गाळात बसते आणि सहा तास तिथेच. सकाळी किती वाजता निघायचं हे म्हणूनच तिथी सांगते.

होडीत आठ-दहा जण. वाट दाखवणारी मुलं कांदळवनाच्या झाडांची ओळख मुळांवरून करून देतात, कारण पानं शहरी डोळ्याला सारखीच दिसतात. तिवराची श्वसनमुळं पेन्सिलींसारखी चिखलातून वर आलेली, चिपीची जाड आणि टोकाकडे निमुळती, कांदळाची खोडातून कमानी टाकत उतरलेली. तिवराच्या पानाच्या मागच्या बाजूला जीभ लावली की खारट लागते : झाड मीठ पानांतून बाहेर टाकतं. हुऱ्याला मात्र हात लावू देत नाहीत, त्याचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते.

कांदळवन लावण्याच्या कार्यक्रमांबद्दल या मुलांचं मत ऐकण्यासारखं असतं. कांदळाची लांब शेंग झाडावरच रुजलेली असते. टोक खाली करून एक तृतीयांश चिखलात रोवली की लागते. अवघड असते ती जागा ठरवणं. रोज दोनदा पाणी येऊन जाणारा पट्टाच लागतो. बाहेरच्या गटांना फोटोसाठी सोपी पडते ती उघडी चिखलाची पट्टी, आणि तिथे लाटांनी शेंगा महिन्याभरात उपटल्या जातात. शिवाय ती उघडी पट्टी पक्ष्यांची खाण्याची जागा असते. पाणी येण्याची वाट बांधाने अडली असेल तर ती मोकळी करून दिली की बरेचदा झाडं आपोआप येतात. पाचशे शेंगा रोवण्यापेक्षा बांधाला दोन मोऱ्या पाडणं जास्त कामाचं, फक्त त्यात फोटो निघत नाही.

संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव, समोर सुवर्णदुर्ग. कासवांच्या फेरीत हे बंदर हवंच, कारण मोठी कासवं मरतात ती बहुतेक जाळ्यांत. कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं, ओढजाळ्यात तास-दीड तास अडकलं की ते बुडून मरतं. गावातल्या मुलांचं खरं वजन इथे दिसतं : मच्छीमार त्यांचेच काका-मामा. बाहेरून आलेल्याने सांगितलं तर भांडण होतं, पुतण्याने सांगितलं तर ऐकलं जातं. डिसेंबर २०१८ पासून राज्यात अशी योजना आहे, की जाळ्यात अडकलेलं कासव, देवमासा किंवा संरक्षित यादीतला दुसरा समुद्री प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सोडवतानाचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो. बरेच अर्ज अडतात ते पुराव्यावर, कारण दोन्ही हात जाळ्यात असताना फोन कोण धरणार? मुलं होडीवरच्या खलाशांना एवढंच शिकवतात : एकाने आधी फोन काढायचा, गुंतलेलं जाळं आणि जिवंत प्राणी एकाच चौकटीत घ्यायचा, मग कापायचं, आणि पाण्यात सोडलेलंही चित्रात यायला हवं.

जाळ्यातून काढलेलं कासव निपचित असलं तरी मेलेलं असेलच असं नाही. पोटावर ठेवून मागची बाजू सहा-आठ इंच उंच करायची, सावली करायची, अंगावर ओलं फडकं टाकायचं, नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या. कधी काही तासांनी ते हालचाल करू लागतं. पाठीवर उलटं ठेवायचं नाही आणि शुद्धीवर येण्याआधी पाण्यात लोटायचं नाही.

चौथा दिवस : गुहागर

दापोलीवरून दाभोळ, जंगलजेटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपावे, पुढे गुहागर. सुरूच्या बनाला लागून सहा-सात किलोमीटरची सलग पुळण. किनाऱ्याच्या लांबीने कामाचा बाज बदलतो. वेळासला दोन माणसं रात्रीत किनारा पुरा करतात, इथे तुकड्या पाडाव्या लागतात, प्रत्येकीला हद्द ठरवून द्यावी लागते आणि एक घरटं दोन तुकड्यांच्या वह्यांत चढणार नाही हे पाहावं लागतं. घरट्यांची संख्या मोठी असली की पाट्यांचा गोंधळ होतो. वाऱ्याने उडालेली पाटी दुसऱ्याच घरट्यावर खोचली गेली, तर दिवसांचा हिशेब चुकतो आणि टोपली उशिरा पडते. म्हणून पाटीवरचाच क्रमांक एका बिल्ल्यावर लिहून तो वाळूत वितभर खाली पुरून ठेवायचा.

जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन कक्ष यांनी या किनाऱ्यांवरच्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रं बसवली : वेळासची प्रथमा, आंजर्ल्याची सावनी, गुहागरच्या वनश्री, लक्ष्मी आणि रेवा. कासव श्वासाला वर आलं की यंत्राचा संदेश जातो. इथून गेलेली कासवं कुठे जातात हे तोवर कोणाला धड माहीत नव्हतं. आणि जानेवारी २०२५ मध्ये याच पुळणीवर एक मादी अंडी घालायला आली, तिच्या वल्ह्यावर धातूचा बिल्ला होता : ०३२३३. तो २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बसवलेला. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगळी, हा समज त्या एका आकड्याने हलला. म्हणून गस्तीला जाणाऱ्या प्रत्येकाला शिकवतात : मादी परतण्याआधी दोन्ही पुढची वल्ही पाहायची, बिल्ला असेल तर सुरुवातीच्या शून्यासह सगळे आकडे आणि मागच्या बाजूची अक्षरं लिहायची, बिल्ला ओढायचा नाही.

दुपारी उन्हं कलल्यावर एक जुनं घरटं उकरतात. पिल्लं निघून दोन-तीन दिवस झाल्यावरच हे करायचं, त्याआधी केलं तर मागून येणाऱ्यांची वाट मोडते. या कामाला पाहुणे क्वचितच थांबतात, आणि चारही दिवसांत शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे.

हात कोपरापर्यंत आत. जे निघेल ते वाळूवर ढिगांनी मांडायचं : अर्ध्याहून मोठी रिकामी सालं, पूर्ण अंडी, सालीतून अर्धवट निघून मेलेली पिल्लं, खाली अडकलेली जिवंत पिल्लं. पूर्ण अंडी फोडून पाहतात. वास भयंकर असतो, तोंडाला फडकं बांधतात. आत नुसता पिवळा-पांढरा द्रव असेल तर जीव धरलाच नव्हता, किंवा अगदी सुरुवातीला गेला. अशी अंडी खूप निघाली तर हलवताना उशीर झाला का, बादली हिंदकळली का, हे त्या रात्रीच्या नोंदीशी ताडून पाहायचं. पूर्ण वाढलेली पिल्लं सालीतच मेलेली निघाली तर उष्णता, किंवा उधाणाने वाळू गच्च झालेली. ११८ अंडी लिहिलेली आणि ९६ रिकामी सालं निघाली, तर ८१ टक्के अंडी उबली. मुलं हा आकडा गटासमोर लपवत नाहीत. चाळीस टक्क्यांचं घरटं निघालं तरी वहीत चाळीसच लिहितात, आणि शेजारी कारणाचा रकाना भरतात.

तळाशी, दबलेल्या वाळूत, कधी एखादं पिल्लू जिवंत सापडतं. वल्ही हळू हलतात, पोटाला बलक अजून पूर्ण शोषलेला नसतो. ते सोडायचं नाही. बादलीत ओल्या वाळूवर, वर फडकं टाकून, अंधारात ठेवायचं आणि बलक पोटात जाईपर्यंत थांबायचं. नोंदवहीत त्याचा वेगळा रकाना आहे. खड्ड्यातली सालं आणि कुजलेलं सगळं हॅचरीपासून लांब, खोल पुरतात, खड्डा स्वच्छ वाळूने भरतात, पाटी उपटतात आणि तिच्यावरचा मजकूर पुसून पुढच्या घरट्यासाठी बाजूला ठेवतात.